करंजाखालची जागा

“इथं नका खांदू, मॅडम.”

वनरक्षक रागिणीने चुन्याच्या फक्कीने आखलेल्या चौकोनाकडे पाहिलं. नदीकाठच्या वाटेवर फिरायला येणाऱ्यांसाठी करंजाखाली बाक बसवायचा होता. तिथून पैनगंगेचं वळण छान दिसायचं.

“काहून, मामा?”

“पुराचं पाणी येतं.”

“पुराची खूण तर पार खाली हाय.”

“मंग... मुंग्या हायेत लई.”

नामाजीला खोटं बोलता येत नाही, हे रागिणीला इथे रुजू झाल्यावर आठवड्याभरातच कळलं होतं. बारा वर्षांपूर्वी हे रान राखीव झालं, तेव्हापासून तो इथे रोजंदारीवर होता. झुडपं तोडून ही वाट त्यानेच काढलेली. रविवारी हिंगोली-वाशीमहून माणसं यायची. त्यांना खंड्याची बिळं, सुगरणीचे खोपे, मुंगसाचे माग दाखवत तो पुढे चालायचा. करंजापाशी मात्र कधी थांबायचा नाही.

मजुराने पहार उचलली, तशी नामाजीने ती मधेच धरली.

“लेकरू हाय माझं इथं,” तो म्हणाला.

मजुराने पहार सोडून दिली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी नामाजी मेंढरं घेऊन फिरायचा. बिऱ्हाड या काठावर उतरलं होतं, आणि मुलगी तेरा दिवसांची होती. तिला ताप भरला. तिला छातीशी धरून तो कनेरगाव नाक्यापर्यंत पळत गेला. जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं. तो तसाच माघारी आला. त्याने आणि त्याच्या भावाने तिला इथे पुरलं. बायकांनी यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोरेगावकडच्या एका शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलेला होता, म्हणून पहाटेच बिऱ्हाड हललं.

त्याची बायको अनुसया पुढे रोज म्हणायची, जागा दाखवा. पावसाळ्यात नामाजीने तिला सांगून टाकलं, “नदीनं नेलं सगळं.” त्यानंतर तिने विचारलं नाही. या काठाला ती पुन्हा आली नाही.

सगळं ऐकून रागिणीने खाली बसून हाताने फक्की पुसून काढली.

“नाव काय होतं, मामा?”

“बारसं ऱ्हायलं होतं.”

“मावशीला सांगा,” ती म्हणाली. “बाक कुठंबी बसवता येईल.”

संध्याकाळी अनुसयाबाई अंगणात शेंगा फोडत होती. नामाजी समोर बसला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. तिचा हात थांबला.

“बारा वर्सं,” ती म्हणाली. “तुमी रोज तिच्याजवळून जाऊन राहिले. अन् मला सांगितलं, नदीनं नेलं.”

“तू तिथून उठली नसती, अनुसया.”

“उठले असते.” तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. “कवातरी उठले असते की मी.”

नामाजीला कधी नव्हे ते जोरात रडावंसं वाटलं, पण तिच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही, असंही वाटलं.

सकाळी ती स्वतःच निघाली. नामाजी मागून चालला. वाटेत कुठलं झाड, कुठला पक्षी, त्याने काही दाखवलं नाही, आणि तिनेही मान वर केली नाही. चैत्र लागत होता. करंजाची पानं झडून गेली होती आणि उघड्या फांद्यांतून ऊन सरळ खाली उतरत होतं.

“हीच जागा?”

“व्हय.”

“डोकं कुण्याकडं?”

नामाजीने बोट दाखवलं.

ती त्या बाजूला जाऊन बसली. मातीला हात लावला नाही, रडली नाही. बऱ्याच वेळाने नामाजीने पाण्याची बाटली पुढे केली. “चल आता. ऊन लागंल.”

“तुमी जा कामावर.”

तो गेला नाही. थोड्या अंतरावर उभा राहून पाहत राहिला. ऊन सरकलं, तशी अनुसयाबाईही जराशी सरकून बसली. पुन्हा थोड्या वेळाने सरकली. पाय अवघडला असेल, असं त्याला वाटलं. तिसऱ्यांदा ती सरकली तेव्हा त्याने नीट पाहिलं. त्याने बोट दाखवलं होतं तेवढ्या वीतभर जागेवर तिची सावली पडली होती.

दुपारी सावली आखडली, तेव्हा ती पदर पसरून आणखी जवळ सरकली.