पाटीवरची चांदणी

"ज्या दिवशी आमचे हे 'मला माहीत नाही' असं म्हणतील, त्या दिवशी मी दुकानाचं शटर ओढून सुट्टी जाहीर करीन," असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं. हे सुद्धा हसायचे, कारण तो दिवस उजाडणार नाही याची ह्यांना पक्की खात्री होती.

आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान. डाग काढण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी बायको असून कबूल करते. पण चौकात मशीनवर कपडे धुणाऱ्यांनी काचेचं चकचकीत दुकान थाटलं आणि तिथं डाग काढायच्या टेबलावर कोण बसलं असेल? आमची लेक! ती कधीपासून मागे लागली होती, "बाबा, आपण मशीन घेऊ या." हे म्हणाले, "या दुकानात एक तर मशीन राहील, नाहीतर मी." लेक बापाच्याच वळणावर गेलेली. "मग मी मशीनकडे जाते," म्हणाली आणि गेली की खरंच! राहायलासुद्धा मैत्रिणीकडे गेली.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मला फोन करायची, पण "बाबांना देऊ का?" म्हटलं की तिच्या फोनची रेंज जायची. इकडे हे चौक टाळून मागच्या गल्लीने वळसा घालून घरी यायचे आणि म्हणायचे, "पायांना व्यायाम." मला धंद्याचं काही पडलं नव्हतं हो. ही दोन हट्टी माणसं एकमेकांशी बोलावीत, एवढंच मला हवं होतं. त्याने जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि ह्यांनी काय करावं? मशीनवाल्यांच्या नाकावर टिच्चून नवी पाटी रंगवून घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत टपोरी अक्षरं: "कोणताही डाग काढून मिळेल". आणि शेवटी वर, कोपऱ्यात, लालभडक चांदणी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत असते. तुला नाही कळायचं."

मला नाही कळलं ते ठीक, पण वकीलसाहेबांना कळलं ना! ते कोट द्यायला आले ते पाटीखाली मान वाकडी करून उभेच राहिले. "चांदणी आहे, म्हणजे खाली अट हवी. अट कुठाय?"

ह्यांचा चेहरा असा झाला की मला आत पडद्यामागे जाऊन हसावं लागलं. चांदणीला अट असते हे या गृहस्थांच्या गावीच नव्हतं! पण गप्प बसतील तर ते हे कसले? घसा खाकरून म्हणाले, "अट तोंडी आहे. डाग कशाचा पडला ते खरं खरं सांगायचं." वकीलसाहेबांना खरं सांगायची वेळ आली, बिचारे घामाघूम झाले.

मग काय, जो येईल तो अट विचारायचा आणि हे जो सुचेल तो नियम ठोकून द्यायचे. दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, घाई करायची नाही. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, आधी घरी घासून बघितलेलं चालणार नाही. एकदा दोघं एकाच वेळी काउंटरवर आले आणि अटी जुळेनात. "अहो, मला तर वेगळीच सांगितली!" तर हे म्हणतात, "माणूस बघून अट असते." मी कपाळावर हात मारून घेतला.

अशात एका दुपारी लेक आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, काखेत पांढराशुभ्र कोट, चेहरा एवढासा झालेला. ओला कोट लोखंडी हँगरला टांगला होता आमच्या बाईसाहेबांनी, दोन्ही खांद्यांवर गंजाचे डाग. वर मशीनवाल्यांचं ब्लीच मारलं, डाग आणखी पक्का झाला. संध्याकाळी कोटाचा मालक तो न्यायला येणार होता.

हे सगळं ती मला सांगत होती. ह्यांनी इस्त्री थांबवली होती, पण मान वर केली नव्हती.

मग तिने पाटीकडे बघितलं. "चांदणी आहे," ती म्हणाली, या वेळी सरळ बापाला. "अट काय आहे?"

आल्यागेल्याला अटी सांगणाऱ्या माणसाला आज खरी अट घालायची संधी आली होती. "माफी माग" म्हणाले असते, "ती नोकरी सोड" म्हणाले असते, तर पोरगी आल्या पावली परत गेली असती, आणि पुन्हा आली नसती. माझी पोर मला माहीत आहे.

ह्यांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"अट काही नाही," हे म्हणाले. "मला वाटलं, शोभेची असते."

"म्हणजे?"

"म्हणजे चांदणी कशाला घालतात ते मला माहीत नव्हतं. तुला नाही गं कसली अट. आण तो कोट इकडे."

लेक मग आधी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. चपला काढून सरळ आत आली आणि टेबलाशी आपल्या जुन्या जागेवर उभी राहिली.

"लोखंडी हँगर!" हे म्हणाले. "हेच शिकवलं होतं का मी?"

"बाबा, लिंबू आधी की मीठ?"

"हे पण विसरलीस?"

"विसरले नाही. तुम्ही बदललंय का ते विचारतेय."

लागली दोघं भांडायला! इतकं गोड भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं. कोट दोघांच्या मध्ये, दोन डोकी त्याच्यावर वाकलेली. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते.

तशीच उठले आणि बोलल्याप्रमाणे शटर ओढायला घेतलं. नेमके तेव्हाच वकीलसाहेब बाहेर आपला काळा कोट न्यायला हजर. "अहो वहिनी, हे काय? भर दुपारी दुकान बंद?"

"पाटीवर चांदणी आहे ना," मी म्हणाले, "तिची अट आज लागू झाली." आणि शटर खाली ओढलं.