आरशातलं कॅथेड्रल

टक्. स्वयंपाकघरात दुधाच्या बाटलीचं झाकण ओट्यावरून फरशीवर पडलं आणि माझ्या खांद्यावर झोपलेली माझी लेक, भिंगरी, दचकली. मी श्वास रोखून तिची पाठ थोपटत राहिले. हळूहळू ती पुन्हा जड झाली.

माझी युरोपची सगळी सफर या दुपारच्या झोपेत चालायची. भिंगरी साडेतीन वर्षांची. पलंगावर ठेवली की उठणार, कागद सळसळला की उठणार, आणि खुर्ची करकरली तर मग विचारूच नका. म्हणून चर्चची नि मूर्तींची चित्रं मी भिंतीवर डकवून टाकली होती. एवढ्याशा खोलीत खुर्ची वळवायला जागा नाही; चित्रांची भिंत माझ्या पाठीमागे, समोर कपाटाचा भलामोठा आरसा. तिला खांद्यावर घेऊन मी आरशात बघायचे आणि एकेक मनोरा, एकेक कमान डोळ्यांत साठवायचे. चित्रांखालची नावं उलटी दिसायची, म्हणून ती आधीच पाठ केली होती. अक्षरं आरशात उलटतात हे कळण्याइतकी मी हुशार आहे.

"परक्यांची देवळं पाठ करतेयस, कर बाई," सासूबाई म्हणायच्या. "तेवढ्यात आपल्या न्हाणीघराचं छत गळायचं थांबलं तर सांग."

"आई, छत गॉथिक असतं तर हिने केव्हाच दुरुस्त केलं असतं," नवरा म्हणायचा. "साधं सिमेंटचं आहे, अभ्यासक्रमात नाही."

मी हसून पुन्हा आरशाकडे वळायचे. कलेच्या इतिहासाच्या एम.ए.ची एक परीक्षा बाळंतपणात बुडली होती, पुढची भिंगरीच्या गोवराने खाल्ली. ही शेवटची. यात नापास झाले की नोंदणी रद्द, आणि आधी पास झालेले सगळे पेपर पाण्यात.

आमच्या विभागाची तोंडी परीक्षा जुन्या पद्धतीची. पुस्तक नाही, चित्र नाही. इमारतीचं नाव सांगायचं, आपण फळ्यावर आठवणीतून तिचा दर्शनी भाग काढायचा आणि काढता काढता बोलायचं. समोर आमच्या बाई आणि बाहेरून आलेले एक पांढऱ्या मिशांचे परीक्षक.

पहिल्या चर्चचं नाव ऐकताच मी खडू उचलला आणि सुटलेच. दोन मनोरे, एक ठेंगणा, एक उंच. मधे गुलाबाच्या आकाराची खिडकी. दारावरच्या कमानीत शेवटचा न्याय: मधे ख्रिस्त, एका बाजूला स्वर्गात निघालेले पुण्यवान, दुसऱ्या बाजूला कढया, सैतान, ओरडणारे पापी. एका पाप्याच्या पायात बूट नाही, तेसुद्धा सांगितलं. बाईंचा चेहरा खुलत गेला आणि मग हळूहळू उतरला.

"उंच मनोरा कुठल्या बाजूला?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"डावीकडे, सर."

"आणि नरक?"

"तोही डावीकडे."

"म्हणजे ख्रिस्ताच्या उजव्या हाताला नरक? पुण्यवानांना डावा हात? त्या काळच्या पाथरवटाने असं केलं असतं तर त्यालाच कढईत घातला असता." ते खो खो हसले. "पूर्वी वर्गात स्लाइड उलटी घातली की असंच दिसायचं. तुम्ही हे पाहिलंत कुठे?"

"आरशात," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी खोली माझ्याभोवती गर्रकन फिरली.

पुढची दोन्ही चर्चं तशीच निघाली. सरांनी चष्मा पुसला. "तुमचं निरीक्षण इतकं चोख आहे, की एकही चूक सुटलेली नाही." मग त्यांनी नियम वाचून दाखवला: बाजू चुकली की आकृती चुकली. बाईंनी माझ्याकडे न बघता सही केली.

घरी सासूबाईंनी माझं तोंड बघितलं आणि मी मनोऱ्यांचं सगळं सांगून टाकलं. चहा पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "मेल्यांना एवढंसुद्धा सांभाळून घेता आलं नाही? मनोरे तर दोन्ही काढलेस ना?"

मी खोलीत जाऊन चित्रं उतरवायला लागले. भिंगरी खुर्चीवर चढली.

"का काढतेस?"

"आई नापास झाली गं. आरशात इकडचं तिकडे होतं, ते आईला कळलंच नाही."

तिने एक हात वर केला. आरशातल्या मुलीनेही केला. दुसरा हात वर करून पाहिला. मग आरशातल्या माझ्याकडे तिने बराच वेळ टक लावून बघितलं, तिथल्या भिंतीवर उरलेल्या एकुलत्या कॅथेड्रलकडे बघितलं आणि माझा पदर ओढला.

"मग आई, ती आई पास झाली का?"