काचेला चिकटलेला फोटो

"ओढू नकोस. फाटेल."

सरांच्या मुलीनं फोटोचा कोपरा नखानं उचलला होता. तिनं हात मागे घेतला.

चौकट भिंतीवरून उतरवून मागचा पुठ्ठा तिनं काढला, तेव्हा कळलं की फोटो काचेला पक्का चिकटलाय. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. वर्षानुवर्षांची ओल आत मुरली होती. मोबाइलवर फोटो काढून पाहिला, तर बुरशीच्या ठिपक्यांमुळे आईचा चेहरा नीट येईना.

आईचा हा एकुलता एक फोटो. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची, असं मावशी सांगे. मुलगी दीड वर्षाची असताना आई गेली. सर शाळेत रसायनशास्त्र शिकवत. रागावले की त्यांचे कान लाल होत, म्हणून मुलं त्यांना 'लिटमस' म्हणायची. वर्गात घसा बसेपर्यंत बोलणारा हा माणूस घरी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून असे. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. मुलगी दूर नोकरीला. वर्षातून एकदा यायची, उभ्या उभ्या आल्यासारखी राहायची. उद्या सकाळी ती निघणार होती आणि जाताना तिला हा फोटो हवा होता.

"पाण्यात घालावा लागेल," सर म्हणाले. "पण रंगाचा थर सुटून येऊ शकतो."

"आणि नाही घातला तर?"

"बुरशी गालापर्यंत आलीय."

पसरट ट्रेमध्ये गार पाणी घेऊन त्यांनी फोटो काचेसकट अलगद आत सोडला. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली.

"गोंद नव्हता, मग चिकटला कसा?"

"गोंद कशाला हवा? फोटोवर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो मऊ होऊन काचेला टेकतो. रेणू इतके जवळ आले की एकमेकांना ओढतात. एकेकाची ओढ अगदी किरकोळ असते गं, पण ते असतात अगणित."

"पाणी काय करणार?"

"मध्ये शिरणार. थोडं काचेला धरणार, थोडं फोटोला. मग या दोघांची पकड सैल होते."

मुलगी पाण्याकडे पाहत राहिली. "लहानपणी आईबद्दल विचारलं की तुम्ही असंच काहीतरी शिकवायला बसायचात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं. कान तापल्याचं त्यांना जाणवलं. ते म्हणाले, "ओले पेले एकात एक अडकले की ती ते माझ्यापुढे आणून ठेवायची. म्हणायची, 'घ्या, तुमचा धडा आलाय. सोडवा.'"

मुलगी हसली. "मग?"

"मला कधी सुटायचे नाहीत. तीच सोडवायची."

"आणखी सांगा ना."

सरांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं आत कोंडलेलं एकदम बाहेर येईना. "चालताना ती पुढे जायची," एवढंच ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

फोटोची कड पाण्यात हलली. सरांनी काच धरली, मुलीनं तसूतसूनं फोटो सोडवत आणला. खुर्चीवर बसलेले तरुण सर, मांडीवर तान्ही ती, मागे उभी आई. बुरशीचे ठिपके सोडले तर तिचा चेहरा शाबूत होता. फक्त सरांचा खांदा आणि त्यावर ठेवलेला आईचा हात तेवढा काचेवरच राहिला. फोटोत त्या जागी पांढरा डाग उमटला.

"अरेरे. बाबा, हे?"

"ते आता निघायचं नाही. चेहरा आलाय ना? तू घेऊन जा."

"तुम्हाला काय राहील मग? एक प्रत काढून पाठवते."

"पाठव सवडीनं."

सकाळी फोटो टीपकागदात घालून ती गेली. बस वळणाआड होईपर्यंत सर थांबले. परत येऊन त्यांनी खिडकीशी वाळत ठेवलेली काच उजेडात धरली. खांद्यावरची चार बोटं स्पष्ट दिसत होती. त्यांनी मऊ फडकं घेतलं आणि बोटांना धक्का न लावता भोवतालची काच पुसायला सुरुवात केली.