खालच्या दारावरची पाटी

भालचंद्र पाटणकर सरकारी कागदात तुरुंगात होता, आणि रोज सकाळी कारखान्याच्या फाटकावर कार्डही पंच करत होता. या दोन्ही गोष्टी सरकारला मान्य होत्या.

भानगड झाली ती क्वार्टरच्या अदलाबदलीतून. खालचं क्वार्टर भालचंद्रच्या नावावर, वरचं विलास डांगरेच्या. विलासच्या आईला गुडघ्यांपायी जिना चढवेना आणि भालचंद्रच्या बायकोला, नलिनीला, पापड-कुरडयांसाठी गच्ची हवी होती. दोघांनी आपसात बदल केला, पेढे वाटले, आणि इस्टेट ऑफिसला वास लागू नये म्हणून नावाच्या पाट्या होत्या तिथेच राहू दिल्या. टाउनशिपमध्ये असे कितीतरी संसार दुसऱ्याच्या नावाखाली सुखानं चालले होते. पोस्टमनला सगळे पाठ होते. पोलिसांना नव्हते.

भालचंद्रनं फाटकावर बोनसवरून एक झणझणीत भाषण ठोकलं होतं. आणीबाणी आली, मागोमाग जीप आली. पोलिसांनी खालची पाटी वाचली आणि लुंगीवर चहा पीत बसलेल्या विलासला उचललं.

"अहो, मी डांगरे!"

"सब यही कहते हैं," इन्स्पेक्टर म्हणाला.

विलासचा जन्मातला एकच गुन्हा, महाराष्ट्र मंडळात तबला बेताल वाजवणं. वरच्या खिडकीतून भालचंद्र बघत होता. नलिनीनं दंड धरून ठेवला म्हणून आपण खाली गेलो नाही, असं तो पुढे सांगायचा. नलिनी म्हणायची, "मी नुसता हात ठेवला होता."

दुसऱ्याच दिवशी पोलिसांना चूक कळली. पण 'पाटणकर पकडला' हा निरोप तोवर वर पोचला होता. चूक कबूल करण्यापेक्षा विलासच्या नावानं मिसाचा, म्हणजे विनाचौकशी अटकेचा, वेगळा हुकूम काढणं सोपं. त्यात कारण सांगावं लागत नाही. आणि भालचंद्रला आता पकडायचं, तर आधी पकडलेला कोण, हा प्रश्न उठणार. म्हणून भालचंद्र मोकळा.

विलासच्या बायकोनं, मंगलानं, जबलपूरच्या हायकोर्टात अर्ज टाकला. अर्ज ऐकायला कोर्ट तयार झालं. आता भालचंद्रनं साक्ष दिली की काम होणार होतं.

"वहिनी, कोर्टानं बोलवू दे. छातीठोक सांगतो, तो माणूस मी!"

"बोलावण्याची वाट कशाला बघता, भाऊजी? ठाणं इथंच तर आहे."

"कायद्यानं झालेलं बरं."

असं त्यानं आपलं धाडस कोर्टात अनामत ठेवलं. बदल्यात तो खालचं दळण आणायचा, म्हातारीची औषधं आणायचा, आणि येता-जाता स्वतःच्याच नावाखालून मान खाली घालून जिना चढायचा.

मग सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिलमध्ये निकाल आला: आणीबाणी आहे तोवर अशा अटकेविरुद्ध कुणालाही कोर्टात दाद मागता येणार नाही. अटक चुकून झाली असली तरी नाही.

मंगला वर आली. आवाज अगदी साधा होता.

"सुटलात, भाऊजी. आता तुम्हाला कुणी बोलवणार नाही."

भालचंद्रनं खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

"पाच न्यायाधीशांतला एक मात्र बोलला हो आमच्या बाजूनं," ती जाता जाता म्हणाली. "त्याचा दंड कुणी धरला नसेल."

नलिनीनं हातातली परात खाली ठेवली. भालचंद्रनं चपला घातल्या आणि तो तडक ठाण्यावर गेला.

"भाषण मी केलं होतं," तो म्हणाला. "डांगरेला सोडा, मला घ्या."

इन्स्पेक्टरनं त्याच्यासाठी चहा मागवला. "पाटणकरसाब, आप तो कब के अंदर हैं."

"चेष्टा करू नका."

"तो सुनिए. आपको बंद कर दूँ, तब भी वो बाहर नहीं आएगा. दोनों बैठे रहेंगे. अब पूछनेवाला कौन है?" तो त्याला पायरीपर्यंत सोडायला आला. "घर जाइए. भाभीजी राह देखती होंगी."

इतके दिवस भालचंद्रला वाटत होतं की कुलूप विलासला लागलंय आणि किल्ली आपल्याजवळ आहे. किल्ली होती, तेव्हा त्यानं ती खिशात ठेवली. आता कुलूपच बदललं होतं.

घरी येऊन त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला. खालच्या दारावरची आपली पाटी उतरवून वर नेली, आपल्या दारावर बसवली आणि विलासची पाटी खाली आणली. मंगलानं ती पदरानं पुसली आणि तो स्क्रू पिळत होता तोवर दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली. इस्टेट ऑफिसचं काय, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

संध्याकाळी गल्लीत जीप शिरली. भालचंद्र सदरा घालून दारात उभा राहिला. नलिनी मागेच होती. तिनं हात लावला नाही. जीप वेग कमी न करता निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

इंजिनाचा आवाज आला की खालून म्हातारी विचारायची, "कोण आलं गं?"

"कुणी नाही, आई," मंगला सांगायची. "भाऊजी उभे आहेत."