गळ्याची शपथ

प्रज्ञेशने ताडपत्रीची दोरी सोडली आणि एका हिसक्यात ती खाली ओढली. वर्षभराचा पाला, धूळ आणि कोंबड्यांची घाण संतरामच्या धोतरावर उडाली. संतराम मागे सरकला नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकून, गाडीकडे न बघता, गाडीमागच्या बाभळीकडे बघत तो उभा राहिला.

प्रज्ञेश वसमतचा. अपघातातल्या गाड्या घेऊन त्यांचे चालू भाग काढून विकायचे, हा त्याचा धंदा. त्याआधी तो एका वर्कशॉपात कामाला होता, त्यामुळे गाडीभोवती फिरताना त्याचे हात आपोआप इकडेतिकडे चाचपत होते. ड्रायव्हरच्या बाजूला बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते त्याने एकदाच बघितलं आणि मुकाट्याने दुसऱ्या बाजूला गेला.

"काका, चावी हाय ना?"

संतरामने बंडीच्या खिशातून चावी काढून दिली. पोराने, वैजनाथने औंढ्याहून आणून अडकवलेला पितळी नंदी तिला अजून लोंबत होता.

पोराचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच्या आईने, मंजुळाबाईने तोंड उघडलं होतं. शेण काढायला जाता-येता ही गाडी डोळ्यांत खुपते, एकदाची घालवा, असं ती म्हणाली. संतरामलाही तेच हवं होतं, फक्त आपण होऊन म्हणायचा धीर होत नव्हता.

वैजनाथ कशाने गेला, हे हट्टा गावातल्या लोकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. जवळा बाजारहून येताना दिवेलागणीची वेळ, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, समोरून ट्रक. पोराला दम निघाला नाही, त्याने गाडी स्पोर्टवर टाकून उडवली. सगळं गाव असं म्हणालं आणि संतरामनेही मान हलवली. स्पोर्ट म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. गाडी नवी होती तेव्हा वैजनाथनेच त्याला शेजारी बसवून दाखवलं होतं. गिअरच्या मागे एक गोल खुंटी होती. ती डावीकडे फिरवली की समोरचा पडदा हिरवा व्हायचा, तो इको. मग गाडी गरीब गायीसारखी चालायची; डिझेल कमी खायची, एसीसुद्धा जपून सोडायची. उजवीकडे फिरवली की पडदा लाल, तो स्पोर्ट. गाडी तीच, इंजिन तेच, पण पाय टेकवायचा अवकाश की पाठ सीटला चिकटायची आणि स्टेअरिंग हातात जड लागायचं. संतरामला, खोटं कशाला बोला, ते फार आवडलं होतं. 'आनखी एकदा पळव,' असंही तो म्हणाला होता. मागच्या सीटवर मंजुळाबाईने मात्र पदर तोंडात धरला होता.

घरी उतरल्याबरोबर तिने वैजनाथचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता.

"लाल करायची न्हाई कधी. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

"अवं माय, कधीमधी लागतं ते."

"हात काढू नको. म्हन."

त्याने म्हटलं. तिला अक्षर वाचता येत नसे, रंग कळायचा. म्हणून पुढे रोज गाडी काढताना तो तिला हाक मारायचा, 'बग माय, हिरवी हाय. जातो मी.' ती खिडकीतून वाकून खात्री करून घ्यायची आणि मगच फाटक उघडायची.

म्हणूनच संतरामचा राग मोठा होता. पोरगं जातं, त्याला इलाज नाही. पण आईच्या गळ्याची शपथ मोडून जातं? तेराव्यानंतर त्याने वैजनाथचा फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत कपड्यांखाली घातला होता. मंजुळाबाईचं दुखणं वेगळं होतं. 'शपथ माझ्या गळ्याची व्हती. मोडली तर म्या मरायला पायजे व्हते,' असं ती चुलीपुढे बसून म्हणायची. 'गेला तो. अशी कशी शपथ?'

प्रज्ञेशने सोबत आणलेली बॅटरी जोडली. डावीकडच्या दारातून आत वाकून त्याने चावी फिरवली. टिंग असा बारीक आवाज झाला आणि धुळीखाली पडदा उजळला.

"पडदा चालू हाय, काका. बरं झालं."

संतरामने मान वळवली.

"हिरवा हाय," तो म्हणाला.

"व्हय, इकोत हाय."

"तू केला?"

"म्या हात बी न्हाई लावला. बंद पडताना ज्याच्यावर असते त्याच्यावरच उठते ही गाडी. याद ठेवते."

संतराम भिंत सोडून पुढे आला. वर्षभरात पहिल्यांदा त्याने गाडीला हात लावला. पोराने शपथ मोडली नव्हती. शेवटच्या क्षणापर्यंत मोडली नव्हती! त्याच्या छातीवरचा दगड सरकला आणि इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. शब्दाचं पक्कं पोर त्याचं, आणि आपण त्याला पेटीत कोंडून ठेवलं. हे आत्ताच्या आत्ता मंजुळाबाईला सांगायला हवं होतं, मग पारावर जाऊन गावाला. हाक मारायला तो घराकडे वळला.

प्रज्ञेशचं बोलणं चालूच होतं.

"इकोत असं ओव्हरटेक करायचंच न्हाई, काका. पाय पुरा दाबला तरी गाडी इचार करत बसते. त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या. अर्ध्यात गेल्यावर मागं बी येता येत न्हाई. स्पोर्टवर असती तर बराबर निघून गेला असता बगा."

संतरामच्या तोंडची हाक तोंडातच राहिली.

त्याला दिसलं ते. ट्रॉल्यांच्या बाजूने सरकणारी गाडी, तळापर्यंत दाबलेला पाय, समोरून ट्रकचे दिवे. डावा हात खुंटीजवळ. नुसती फिरवायची होती. पण त्या खुंटीवर आईचा गळा होता. पोराचा हात तिथे थबकला असेल का, की गेलाच नसेल, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. दवाखान्यात पोराच्या अंगावरची चादर वर केली तेव्हासुद्धा संतरामला असं दुखलं नव्हतं.

"गाडी ओढून न्यायला टोचनवाला आला जनू," प्रज्ञेश म्हणाला. "त्याला रस्ता दावून येतो. बॅटरीला हात लावू नका."

तो फाटकाबाहेर गेला आणि तेवढ्यात घराच्या पायरीवर बांगड्या वाजल्या. मंजुळाबाई येत होती. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. घरचं जनावर विकलं तरी ती त्याला कुंकू लावल्याशिवाय दावणीवरून सोडत नसे. गाडीला तरी कशी सोडेल?

संतराम दारातून आत वाकला. खुंटी धुळीने घट्ट बसली होती. पहिल्यांदा हललीच नाही. दुसऱ्यांदा त्याने मूठ आवळून जोर लावला, तेव्हा ती कट्कन फिरली.

मंजुळाबाईने टपावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग पूर्वीसारखीच खिडकीतून वाकली. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर लाल उजेड पडला.

"लाल हाय."

"व्हय."

"तवापसून असाच हाय?"

"बंद पडताना जशी असते तशीच उठते म्हने ही गाडी."

पदराने तिने सीटवरची धूळ झटकली.

"न्हाईच ऐकलं लेकरानं माझं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"लेकरूच व्हतं," संतराम म्हणाला.

प्रज्ञेश परत आला. त्याची नजर पडद्यावर गेली, तिथून खुंटीवर, आणि मग संतरामच्या धुळीने माखलेल्या मुठीवर. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. संतराम त्याच्याकडे बघत राहिला, नुसता बघत राहिला. प्रज्ञेशने मान खाली घातली आणि बॅटरीची वायर काढली. पडदा काळा झाला.

टोचनवाल्याने गाडी ओढत नेली. चाक जाम झालं होतं, त्यामुळे अंगणात फाटकापर्यंत एक खोल चर उमटला. संतरामने ताडपत्री झटकली आणि घडी घालायला घेतली.

"पेटीतला फोटो काढ," तो म्हणाला. "भिंतीला लाव परत."

मंजुळाबाई थबकली.

"काहून? शपथ मोडली म्हून तुमीच तर ठिवला व्हता."

"काढ म्हनलं ना."

"माफ केलं व्हय त्याला?"

संतरामने ताडपत्रीचं टोक हनुवटीखाली धरलं होतं. ते त्याने तसंच धरून ठेवलं.

"व्हय," तो म्हणाला. "केलं."

तिने करंड्याचं झाकण लावलं आणि डोळे पुसत, वर्षभरात चालली नव्हती इतक्या भराभर, ती घरात गेली. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने खिळा ठोकल्याचा. संतराम ताडपत्रीची घडी घालत होता. घातलेली घडी उलगडून तो पुन्हा घालत होता.