ओळीच्या आधीचा आवाज

"बंद करा," म्हणत तिने स्वतःच हात पुढे करून स्पीकरचं बटण उलटं फिरवलं. "यातही तेच आहे."

दुकानवाल्या बाईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वायर काढून पाहिली, फुंकर मारली आणि परत खोचली. काउंटरवर आता दोन जोड्या मांडलेल्या होत्या. पहिली काळी, प्लॅस्टिकची, जिच्यातलं गाणं पिंपात बसून म्हटल्यासारखं येत होतं. दुसरी लहान, लाकडी खोक्याची. बाईच्या मते या किमतीत याहून बरं काही मिळणार नव्हतं.

"काय होतंय नक्की, काकू?"

"खोट आहे. मध्येच सूं करतं. आधीच्या जोडीतही करत होतं, पण तिथे धमधमच इतकी होती की म्हटलं जाऊ दे."

नवरा भिंतीकडेच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. त्याला काही सूं ऐकू आलं नव्हतं. पण बायको खोट आहे म्हणाली की खोट असते, हे तो संसारात शिकला होता. लग्नाआधीपासून एकतीस वर्षं ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि कुठे तडा, बुडबुडा किंवा काठाला टवका दिसला की ती बाटली उचलून बाजूला ठेवायची. घरी आल्यावरही हा डोळा मिटत नसे. नव्या पातेल्याचा पोचा, शर्टाची उसवू लागलेली शिवण, नवऱ्याने खपवलेली थाप, सगळं तिला आधी दिसायचं. कारखान्याने नजर अशी धारदार केली आणि त्या बदल्यात कान खाल्ले. बाटलीवर बाटली आपटण्याचा तो खणखणाट रोजचे आठ तास चालायचा. कान इतक्या सावकाश गेले की ते गेल्याचं तिला कळलंच नाही. हल्ली लोक फार पुटपुटतात, एवढंच तिचं मत झालं.

शेवटी मुलीने हट्टाने तपासणी करवून कानाला यंत्र बसवून दिलं. महिनाभर वापरा, नको वाटलं तर परत आणा, अशी बोली होती आणि महिना सोमवारी संपत होता. आज शनिवार. यंत्राने जग परत आणलं होतं खरं, पण भलत्याच टोकाकडून. चमचे, नळ, वर्तमानपत्राची पानं, स्वतःच्याच चपला. माणसांपेक्षा वस्तूच जास्त बोलू लागल्या होत्या. नवरा कामाला बसला की त्या खरखरीने ती यंत्र काढूनच ठेवायची. "तुझ्या बाबांच्या पायांचा एवढा आवाज होतो हे कळलं नसतं, तरी माझं काही अडलं नव्हतं," असं तिने मुलीला फोनवर सुनावलं होतं.

आशा होती ती फक्त गाण्यांची. कधीकाळी तिला गाण्यांचं वेड होतं. पुढे पुढे ती चिखलातून आल्यासारखी ऐकू यायला लागली, म्हणून तिने तो नादच सोडला होता. गाणी परत मिळाली तर यंत्र ठेवीन, नाहीतर सोमवारी देऊन टाकू, असं तिने जाहीर केलं होतं. मुलगी आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे ठेवून गेली होती, त्यात तिने आईची सगळी गाणी भरून दिली होती. पण कॉम्प्युटरच्या पोटातला आवाज पत्र्याचा डबा वाजवावा तसा. साधे दोन स्पीकर आणा आणि मग ठरवा, असं मुलगी म्हणाली म्हणून हे दोघं आज इथे आले होते.

"जरा वरची जोडी दाखवा," नवरा म्हणाला.

"काका, घरात गाणी ऐकायला खरंच गरज नाही तिची."

"दाखवा तर."

बाईने फळीवरून तिसरी जोडी उतरवली. ही चांगली जड होती, पुढे जाळी, मागे बटणंच बटणं. पेटीवर मोठमोठे आकडे छापलेले होते, पण आकडे वाचू नका, ते विकणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, असं बाईने दोघांना आल्या आल्याच बजावलं होतं. स्वतःला पाठ असलेलं एक गाणं सांगा, तेच सगळ्या जोड्यांवर लावू, आपोआप कळेल. ही तिची पद्धत. तेव्हा हिने ते संथ गाणं सांगितलं होतं, एकाच बाईच्या आवाजातलं, मागे जेमतेम दोन वाद्यं असलेलं. त्याचा शब्द न् शब्द तिला पाठ होता.

गाणं परत सुरू झालं. पहिली ओळ यायच्या आधीच तिच्या कपाळाला आठी पडली.

"यात तर जास्तच आहे! जास्त पैसे घेऊन खोटही जास्त देता का?"

नवऱ्याने पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. पिशवी रिकामी होती.

दुकानवाली मात्र रागावली नाही. तीन वेगवेगळ्या जोड्यांत एकच खोट, ही गोष्ट तिला गप्प बसू देईना. तिने आधी कॉम्प्युटर बदलून पाहिला, मग वायर बदलली, मग पंखा बंद केला. सूं काही जाईना.

"असं करू," ती म्हणाली. "मी गाणं लावते. ते सूं आलं की तुम्ही हात वर करा. बोलू नका, नुसता हात."

काउंटरवर कोपर टेकून ही उभी राहिली. सुरुवातीचं वाद्य वाजून संपलं आणि हात वर गेला. लगेच गाणारीने पहिली ओळ उचलली. ओळ संपली, हात वर. दुसरी ओळ. मग कडव्याच्या मध्येच, एका लांबलेल्या शब्दानंतर, हात पुन्हा चटकन वर. कारखान्यातही ती अशीच उभी राहत असणार, असं नवऱ्याला वाटलं. त्याने तिला कामावर कधी पाहिलं नव्हतं.

पाचव्या वेळी हात वर गेला तेव्हा बाईने गाणं थांबवलं. थोडं मागे नेलं, स्वतःचा कान स्पीकरला लावला, परत ऐकलं. मग ती सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं, ते तिने आवरलं.

"काकू, खोट नाहीये ती. ती बाई श्वास घेतेय."

"कोण बाई?"

"गाणारी."

तिने स्पीकरकडे निरखून पाहिलं. रस्त्यावरून एक दुचाकी गेली.

"गाताना श्वास घ्यावा लागतो हे मला माहीत आहे," ती ताठपणे म्हणाली. "पण तो ऐकू कशाला येईल?"

"येतो की. माईक अगदी तोंडाजवळ असतो ना."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला येतो?"

"काय?"

"श्वास. ऐकू येतो तुम्हाला?"

"हो," नवरा म्हणाला.

"या गाण्यात? नेहमी?"

"येतोच की. सगळ्यांनाच येतो. लक्ष कोण देतंय?"

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी!"

"आता काय बोलणार? बाई श्वास घेते म्हणून?"

दुकानवालीला हसू फुटलं. हिला नाही. हिला खरोखरच राग आला होता, नवऱ्याचा, मुलीचा, शेजाऱ्यांचा, सगळ्यांचा. इतकी वर्षं सगळे हे फुकट ऐकत होते आणि हिला काय मिळत नाहीये हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्या स्वतःच्याही आलं नव्हतं, हे लक्षात आल्यावर तो राग कुणावर काढावा ते तिला कळेना.

"परत लावा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. ती मधली जोडी."

या वेळी तिने डोळे मिटून घेतले. वाद्य वाजलं, थांबलं, आणि त्या थांबण्यात गाणारीने श्वास भरून घेतला, अगदी तिच्या खांद्याशी उभी असल्यासारखा. मग ओळ आली. या बाईला आपण तरुणपणापासून ओळखतो आणि ती जिवंत आहे हे आज कळलं, असं काहीतरी तिला वाटलं. तिला आनंद झाला, अंगभर झाला, आणि दुकानात उभं असताना तो लपवायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

"हीच द्या," डोळे उघडून ती म्हणाली. "त्या महागड्या जोडीत ती दुकानभर पसरते. इथे आपल्यापाशी बसून गाते."

"मी तेच तर म्हणत होते," बाई म्हणाली आणि जोडी बांधू लागली.

"थांबा." तिने डावा स्पीकर उचलून उजेडाकडे धरला, गोल फिरवला. "इथे कोपऱ्याला टवका गेलाय. दुसरी पेटी फोडा."

दुसरी पेटी फोडली गेली.

घरी आल्यावर दोघांनी मिळून स्पीकर लावले. हातभर अंतर ठेवा आणि कानाच्या उंचीला येऊ द्या, असं बाईने सांगितलं होतं, म्हणून नवऱ्याने आपल्या कामाचे दोन रिकामे लाकडी डबे आणून खाली घातले. तो किल्ल्या बनवायचा आणि कुलपं दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल होतं आणि कॉम्प्युटर त्याच खोलीत समोरच्या भिंतीला. इतकी वर्षं दोघं संध्याकाळी याच खोलीत पाठीला पाठ करून बसत आली होती, तो कुलपांशी झटत, ती शिवण नाहीतर वाचन घेऊन.

तिने ते गाणं तीनदा ऐकलं. मग आणखी चार गाणी ऐकली. एकात कुणीतरी हलकेच खाकरत होतं, ते तिने नवऱ्याला बोलावून ऐकवलं. त्यानेही मान डोलावून ते प्रथमच ऐकल्यासारखं केलं. थाप तिने पकडली, पण या वेळी सोडून दिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कशावरून तरी एक झाकण सटकलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. तिने दोन्ही हात कानांवर दाबले.

"हे बघा, हे असं," झाकण शांत झाल्यावर ती म्हणाली. "गाणी छान येतात, नाही म्हणत नाही मी. पण गाणं किती वेळ ऐकणार? तास, दोन तास. उरलेला दिवस झाकणंच ऐकायची ना?"

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला. "सोमवारी सकाळी जाऊन देऊन येऊ."

त्याने हे अगदी सरळ म्हटलं होतं. तरी ते ऐकून तिला जरा वाईट वाटलं. निदान थोडा तरी वाद घालायला हवा होता त्याने.

तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. कुणाची तरी किल्ली संध्याकाळपर्यंत द्यायची होती. तिने शेवटचं म्हणून ते गाणं पुन्हा लावलं, ते संपलं, आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

आवाज थांबला नव्हता.

गाणं तर संपलं होतं, पडद्यावर तसं दिसतही होतं. पण कुठेतरी बारीक घूंघूं चालू होती. तिने बटण शून्यावर नेलं. घूंघूं चालूच. तिने उजव्या स्पीकरला कान लावला, मग डाव्याला. वायर हलवून पाहिली. शेवटी प्लगच ओढून काढला आणि स्पीकरचा हिरवा दिवा विझला. तरीही घूंघूं चालू होती, आणि त्या घूंघूंला चाल होती.

ती वळली. नवरा तिच्याकडे पाठ करून वाकला होता. हातातली कानस किल्लीच्या दात्यांवरून पुढेमागे जात होती, आणि तोंड मिटूनच तो तेच गाणं गुणगुणत होता.

ती उठली नाही, जागेवरच बसून ऐकत राहिली. किल्ली दिव्याकडे धरून पाहताना तो थांबला, कानस चालू झाली तसं त्याचं गाणंही चालू झालं. किती सरावाचं होतं ते. त्याला स्वतःला पत्ताही नसावा.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

तो दचकला. "काय कधीपासून?"

"हे. गुणगुणणं."

"मी?" त्याने कानस खाली ठेवली. जरा विचार केला. "नेहमीचंच आहे की. काम करताना करतोच मी. लग्नाच्या आधीपासून."

"रोज?"

"रोजच म्हणायचं." मग तो थोडा ओशाळला. "तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, आवडतं तुला."

तिने हातातल्या प्लगकडे पाहिलं, तो परत भिंतीत खोचला, आणि खोचून झाल्यावरही तिकडेच तोंड करून राहिली.

"दुसरी ओळ चुकता तुम्ही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "वर जायचं तिथे खाली येता."

"असेल."

"म्हणा ना परत."

"आता नाही जमायचं. तू ऐकत बसलीस तर कसं जमेल?"

तेही खरंच होतं. तिने खुर्ची ओढून पूर्वीसारखी त्याच्याकडे पाठ केली, शिवणाचा डबा मांडीवर घेतला आणि सुई ओवू लागली.

"सोमवारी दुसरं काही काम असेल तर घ्या," ती मागे न बघता म्हणाली. "आपल्याला कुठे जायचं नाहीये."

मागे त्याची खुर्ची करकरली. बऱ्याच वेळाने कानस एकदा घासली, मग दुसऱ्यांदा, मग कानशीला लय सापडली. ती सुई हातात धरून, दोरा न ओढता, थांबून राहिली. आधी त्याने नाकाने श्वास घेतला, तो तिला स्वच्छ ऐकू आला. मग गाणं सुरू झालं, आणि दुसरी ओळ त्याने पुन्हा चुकवली.