देवमाशाच्या पोटातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, आणि तीही डावखुरी. हसू नका. माणसांत डावखुरे असतात तसे कात्र्यांतही असतात. माझी पाती नेहमीच्या कात्रीच्या उलट बसवलेली आहेत. डाव्या हातात मी जाडजूड कापडही झरझर कापते, पण उजव्या हातात गेले की साधा कागदसुद्धा चावून ठेवते. जीभही माझी जरा तिखटच आहे, तेवढे सांभाळून घ्या.

एका डावखुऱ्या शिंप्याने मला हट्टाने घडवून घेतले. कारागीर कुरकुरला होता, "अहो, सगळं जग उजव्या हातानं कापतं, तुमचंच काय वेगळं?"

शिंपी म्हणाला, "जगाचे कपडे शिवतोच आहे मी. कात्री तेवढी माझी असू दे."

त्याच्या हातात माझी उमेदीची वर्षे गेली. बाह्या, गळे, खिसे, गणवेशांच्या चवडीच्या चवडी मी कापल्या. संध्याकाळी तो मला पुसायचा, माझ्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि उगीचच दोनदा उघडमीट करून आवाज ऐकायचा. त्या आवाजावर त्याची नात रांगता रांगता थांबायची. पुढे त्याची नजर मंदावली, शिलाई यंत्रावर कापड झाकले गेले आणि मी खणात जाऊन पडले.

नातही आजोबांवर गेली होती, डावखुरी. शाळेत हस्तकलेच्या तासाला तिने साध्या कात्रीने काही कापले की कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसायच्या. वर्गातली मुले तिला 'डावखुरी' म्हणूनच हाक मारत. एक दिवस आजोबांनी मला कापडात गुंडाळले आणि थेट हस्तकलेच्या बाईंच्या हातात ठेवले.

"शाळेलाच राहू द्या," ते म्हणाले. "घरी ठेवली तर हिच्या एकटीची होईल. उद्या आणखी कुणी डावखुरं निघालं तर त्याचीही सोय होईल."

हस्तकलेचा वर्ग मला पहिल्याच दिवशी आवडला. खळीचा वास, रंगाने माखलेली लांब मेजे, कोपऱ्यात पुठ्ठ्यांचा ढीग. भिंतीवर एक मोठी फळी होती. प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात आकृती काढून तिच्यावर खिळा ठोकलेला होता. हातोडीच्या जागी हातोडी, पकडीच्या जागी पक्कड. माझीही आकृती काढली गेली. फळीवर एक जरी आकृती रिकामी दिसली तरी, घंटा होऊन गेली असली तरी, कोणी घरी जायचे नाही, असा बाईंचा नियम होता. मला तो फार पसंत पडला. आपली जागा ठरलेली असली की वस्तूलाही बरे वाटते.

डावखुरीने मला हातात घेतले आणि तिच्या पुठ्ठ्याची कड पहिल्यांदा सरळ आली. तिने ती बोटाने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. त्यानंतर ती सुटलीच. कागदी पूल, पंख हलवणारी बगळ्यांची रांग, उघडणारी-मिटणारी खिडकी, काय काय केले तिने! मुले म्हणू लागली, "कापायचं असेल तर डावखुरीला द्या." मी म्हातारपणी पुन्हा कामाला लागले होते.

मग निघाला तो देवमासा.

वार्षिक प्रदर्शनासाठी सगळ्या वर्गाने मिळून करायचा ठरला. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या, थरावर थर. दोन मेजे जोडली तरी शेपूट बाहेर यायची. पोटाखाली एक भोक शेवटपर्यंत ठेवले होते, आतून सुटलेली कागदाची टोके छाटण्यासाठी. ते काम डावखुरीचे आणि माझे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाईंच्या नाकी नऊ आले होते. रंग वाळत नव्हता, मुख्याध्यापक दर थोड्या वेळाने डोकावून जात होते. डावखुरी आत हात घालून सावकाश कापत होती. बाई म्हणाल्या, "आण इकडे, मी करते. तू पळ, खळ घेऊन ये."

ती पळाली. बाईंनी मला उजव्या हातात धरले. मी काय करणार? कागद चावला. "ही कसली मेली कात्री!" असे म्हणत बाईंनी मला आतल्याच एका कामटीवर टेकवले आणि हाताने टोके तोडली. तेवढ्यात खळ आली. "पट्ट्या द्या, पट्ट्या!" बाई घाईने भोकावर पट्ट्या चिकटवू लागल्या. मला दिसणारा उजेडाचा गोल अर्धा झाला, मग नाण्याएवढा, आणि मग अंधार. आत गळलेली खळ माझ्या मुठींवर वाळली आणि मी कामटीला घट्ट चिकटले.

संध्याकाळी फळीवर माझी आकृती रिकामी होती.

सगळा वर्ग थांबवला गेला. दप्तरे उलटी केली, मेजांखाली शोधले, कचऱ्याची टोपली उपसली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, मित्रांनो. त्यांची पावले ऐकत होते. ओरडता येत नव्हते, हलताही येत नव्हते.

बाई म्हणाल्या, "मी स्वतः फळीवर लावली होती." खोटे बोलत नव्हत्या त्या. रोज संध्याकाळी कात्र्या त्या स्वतःच लावत, म्हणून आजही लावली असे त्यांना खरोखरच वाटत होते. मग कोणीतरी म्हणाले, "डावी कात्री दुसरं कोण नेणार?"

"आजोबांची आहे म्हणून नेली असशील, तर उद्या गुपचूप आणून ठेव," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी रागावणार नाही."

"मी नाही नेली, बाई."

शेवटी अंधार पडला आणि नियम मोडून सगळ्यांना सोडावे लागले.

प्रदर्शनात देवमाशाचे कौतुक झाले. पाहुण्यांनी पाठ थोपटली ती त्याची. मुख्याध्यापकांनी त्याला दर्शनी दालनात छताला टांगायला लावले आणि खाली पाटी लावली, 'हात लावू नये'. शाळेची शान झाला तो, आणि मी त्या शानेच्या पोटात गुदमरत राहिले. घंटा, प्रार्थना, पळापळ, सगळे ऐकू यायचे, दिसायचे काही नाही. कोणी खाली उभे राहून "किती सुंदर!" म्हणाले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा शाळा सुटल्यावर आजोबा तिला न्यायला आले. नेमके माझ्याच खाली उभे राहिले.

"आता हस्तकलेला काय करतेस गं?"

"खळ ढवळते."

"आणि कापत नाहीस?"

"साध्या कात्रीनं वाकडं होतं. मुलं म्हणतात, घरची काढ की." मग तिने विचारले, "आजोबा, तुम्हालाही वाटतं का मी नेली?"

"वेडी का काय! पण मी म्हटलं म्हणून त्यांना थोडंच पटणार आहे?"

त्यांची काठी टकटक करत दूर गेली. त्या दिवशी मला स्वतःच्या धारेचा राग आला. एवढी धार असून भोवतीचा कागद मला कापता येत नव्हता.

मोठी सुट्टी लागली. शाळा रिकामी झाली, उन्हाने छत तापले आणि कागद आतल्या आत कडकडू लागला. माझ्या मुठींवर गंज चढला. आपण इथेच मातीमोल होणार, असे मी धरून चालले होते. पण त्याच उन्हाने खळ तडकली. शाळा उघडली त्या सकाळी दारे सताड उघडली गेली, वाऱ्याने देवमासा झुलला आणि मी कामटीवरून सुटून त्याच्या पोटाच्या तळाशी आपटले.

मुले खिदळली. "देवमाशाच्या पोटात दुखतंय!" दुसरा झोका आला, माझ्या मुठी एकमेकींवर आपटल्या आणि दालनातून जाणारी दोन पावले जागच्या जागी थांबली. लहानपणी रांगता रांगता थांबायची तशीच.

"बाई," डावखुरी म्हणाली, "कात्री आत आहे."

"आत कशी जाईल? पाय फुटले का तिला?" बाई हसल्या. आणि त्यांचे हसू मध्येच तुटले. मग त्या म्हणाल्या, "काका, शिडी आणा."

शिपाईकाकांबरोबर मुख्याध्यापकही धावत आले. "अहो बाई, फाडताय काय! पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत. एका कात्रीपायी? नवी घेऊ."

"कात्री नवी मिळेल, सर," बाई म्हणाल्या. "मी या पोरीचं नाव घालवलंय. पोट मी बंद केलं होतं. कात्री मीच आत ठेवली होती."

सगळ्या मुलांसमोर बोलल्या त्या.

देवमासा खाली आला, चिकटवलेल्या पट्ट्या फाटल्या आणि उजेड आत घुसला. पाठोपाठ एक डावा हात. मला उजेडापेक्षा तो हात पाहूनच हायसे वाटले. तिने माझ्यावरचा गंज फ्रॉकला पुसला आणि दोनदा उघडमीट केली. आवाज कर्कश होता, पण माझाच होता.

बाई म्हणाल्या, "चुकले गं मी." तिने मान हलवली. माफ केले की नाही, ते मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा बंद करायचे होते. आजोबांनी मला घासूनपुसून, धार लावून पाठवले होते. डावखुरीने मला हातात घेऊन सरळ कडांच्या पट्ट्या कापल्या, खळीत भिजवल्या आणि भोकाशी येऊन थांबली.

"बाई, आधी तुम्ही हात घालून बघा."

बाईंनी बाही वर सारली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि सगळीकडे चाचपून पाहिले.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की, बाळा."

मगच तिने पहिली पट्टी चिकटवली.

मित्रांनो, आता मी फळीवर माझ्या आकृतीत असते. तुम्ही पुठ्ठ्याचे, कागदाचे, मातीचे काहीही करा. हत्यारे पुसून जागेवर लावा, त्यांना तेल द्या. पण एखादी वस्तू हरवली तर दुसऱ्याचे दप्तर उलटे करण्याआधी आपला हात शेवटी कुठे होता ते आठवा. मी लोखंडाची होते, म्हणून अंधारात टिकले. ती खळ ढवळत होती तेव्हा तिचे काय होत होते, ते मी वरून ऐकले आहे.